आबांचं कुत्रं आणि आबांचा आवाज

आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती. लिंबायतच्या कामगारवस्तीत भिंतीपलीकडे दिवसरात्र कापडाचे माग चालायचे, आणि आबा, म्हणजे माझे वडील, लग्नाआधीच धुळ्याकडून येऊन त्या मागांवर लागलेले. बारा तास खडखडाटात उभा राहिलेला माणूस घरी येऊन कुजबुजणार थोडाच? आबांनी नुसतं मीठ मागितलं तरी शेजारणीला वाटायचं, यांच्यात जुंपली. आम्हीही तशाच मोठ्याने बोलायचो. माझ्या सासरी अजून म्हणतात, ही बोलते का खेकसते. म्हणेनात का.

नव्वदनंतरची गोष्ट. आबांनी कारखान्यातून एक पिल्लू आणलं. त्याची आई कारखान्यामागे टेम्पोखाली गेली होती. पाचसहा महिन्यांत ते असं पोसलं आणि असं उधळायला लागलं, की विचारू नका. दिसला माणूस की घे झेप. मी दिवसभर घरी साड्यांना टिकल्या लावायचे, आणि ते त्या साड्यांमधून गल्लीपर्यंत पळायचं. त्याला नाव ठेवलं नव्हतं. मायने ठेवलेली नावं लिहिण्यासारखी नाहीत.

मायला मात्र खरी भीती होती. माझी थोरली बहीण बारडोलीला दिलेली, ती बाळंतपणाला येणार होती. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. माय गावाकडच्या बोलीत आबांना म्हणाली, "आते पोर येणार शे. तिन्हं पोट सांभाळू का तुमनं कुत्रं?" कुत्रं निवलं तर ठीक, नाहीतर मामाच्या टेम्पोत घालून कडोदऱ्याच्या हायवेला सोडायचं, असं तिने ठरवून टाकलं. हायवेला सोडलेलं कुत्रं किती दिवस जगतं हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आबा त्या दिवशी भाकरी अर्धी टाकून उठले.

मग उपाय सुरू झाले. बांधून पाहिलं, उपाशी ठेवून पाहिलं, मायने मिरच्याही उतरवल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आबा त्याच्यासमोर उभे राहून ओरडायचे, "बस! खाली बस!" आबा जितके ओरडायचे तितकं ते उंच उडायचं. मग माय ओरडायची, मी ओरडायचे. कुत्र्याला तर जत्राच.

ताई आली त्या दिवशी ती उंबरठ्यात पाय ठेवते न ठेवते तोच त्याने तिच्या पोटावर उडी घेतली. ती दाराच्या चौकटीवर आपटली. हातातली पिशवी पडली, पण दोन्ही हात पोटावर घट्ट. मायने लाटणं फेकलं. आबा असे ओरडले की समोरच्या खोलीतली माणसं बाहेर आली. कुत्रं आनंदाने आबांच्याच अंगावर नाचायला लागलं.

ताई खाली बसली. रंग उडालेला, तरी तिनेच सांगितलं, "आबा, ओरडू नका. त्याला वाटतं तुम्ही खेळताय."

"मी कुठे ओरडतोय?" आबा म्हणाले. सगळ्या गल्लीने ऐकलं.

कुणी हसलं नाही. आबांनी आमच्याकडे एकेकीकडे पाहिलं. मग मला विचारलं, "हळूच बोलतोय ना मी?"

माझी जीभ तिखट, हे आबांना माहीत होतं. म्हणून मलाच विचारलं असेल. मी त्यांच्यासमोर जाऊन, ओठ नीट दिसतील असं सांगितलं, "नाही आबा. तुम्हाला ऐकू येत नाही. कधीचंच."

आबा खाटेवर बसले. त्या रात्री बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. ताईच्या पोटातलं बाळ पुन्हा हललं तेव्हा मायला रडू फुटलं. मला आबांकडे बघवत नव्हतं.

तिसऱ्या सकाळी कुत्रं पुन्हा ताईच्या दिशेने निघालं. आबा मध्ये उभे राहिले. तोंड बंदच. त्यांनी तळवा आडवा धरला आणि सावकाश खाली नेला. कारखान्यात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, तिथे सगळं हातांनीच चालतं. हात असा खाली गेला म्हणजे माग बंद कर. कुत्रं थबकलं. आवाज का येत नाही हे त्याला कळेना. उडी मारली, तर आबांनी पाठ फिरवली. चारी पाय जमिनीवर टेकले, की भाकरीचा तुकडा.

पाळीवर जाण्याआधी रोज हेच. अवघड गेलं ते आम्हालाच. माय तर तोंडात पदर कोंबायची. गप्प बसायची सवय नसलेल्या घरात गप्प बसणं म्हणजे काय, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आबा बोलताना गळ्यावर बोटं ठेवायला लागले, थरथर कमी म्हणजे आवाज कमी. कधी इतकं हळू बोलायचे की शब्द उमटायचेच नाहीत. कुत्र्याच्या खोड्या काही एकदम गेल्या नाहीत, माझी एक पूर्ण साडी त्याने त्यात फाडली. पण ताईचे दिवस भरत आले तसं ते आबांच्या हाताकडे बघायला शिकलं.

ताईला मुलगी झाली. तिला घरी आणलं तेव्हा कुत्रं उंबरठ्याबाहेर नुसतं थरथरत होतं. आबांचा हात खाली गेला. ते पोटावर पसरलं आणि तसंच पडून राहिलं. माय बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आते त्याले." आबांना ते ऐकू गेलं नाही. मी हातांनी सांगितलं. त्यांनी डोळे पुसले आणि हातपाय धुऊन आले.

ताईने मुलगी त्यांच्या मांडीवर दिली. ती जरा चुळबुळली, आणि तोंड उघडून जिवाच्या आकांताने रडायला लागली. आबा आमच्याकडे बघून हसले.

"केवढी मोठी जांभई देते बघा," ते म्हणाले.

ताई सरकली, आबांचा हात धरून तिने मुलीच्या छातीवर ठेवला. त्या एवढ्याशा छातीतली थरथर त्यांच्या हाताला लागली तसं त्यांचं हसू गेलं.

"रडतेय होय," आबा म्हणाले. इतकं हळू, की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.