ओढ्यापलीकडचं घर

मी सुप्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर, आणि तयार झालेला पार्ट मापात बसतो की नाही एवढंच बघायचं. त्यामुळे असेल कदाचित, सुट्टीच्या दिवशी मला मापात न बसणारं काहीतरी लागतं. काही वर्षांपूर्वी मला टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळांचा नाद लागला. चार माणसं बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि पुढे काय होतं ते बोलून ठरवतात. अडलं की फासा टाकायचा. वीस बाजूंचा पहिला फासा कुरिअरने घरी आला तेव्हा आई म्हणाली, "अंगठीत बसवायला फार मोठा आहे हा."

एकच खेळ वर्षानुवर्षं खेळणारे लोक असतात, मी त्यातला नाही. मला सारखा नवा लागतो. नियमांची पानं झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्यायची, रात्री जेवताना वाचायची, रविवारी नगरमध्ये मंडळी जमवून करून बघायचा. भुयारं आणि राक्षसांचा केला, तो चार बैठकांत संपला. एकात फासेच नव्हते, नुसता पत्त्यांचा जोड. एकात दोघांनी एकमेकांना पत्रं लिहायची असतात. एकात आम्ही सगळे एका बंद पडलेल्या दवाखान्यातली मांजरं झालो होतो आणि त्या दुपारी हसून हसून माझं पोट दुखलं.

मंडळी म्हणजे तिघंच. एक माझा कारखान्यातला सहकारी. तो मूळचा श्रीरामपूरचा, घरचे सगळे चर्चला जाणारे, हा नगरला भाड्याने राहतो. दुसऱ्या म्हणजे तिसगावच्या शाळेतल्या एक बाई. त्या रविवारी नगरला भावाकडे येतात आणि जेवण झालं की आमच्याकडे सटकतात. तिसरे काका, म्हणजे सहकाऱ्याचे घरमालक. वय सत्तरीच्या आसपास, सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात. आमची बैठक त्यांच्याच पुढच्या खोलीत व्हायची, पण ते कधी खेळत नसत. चहा घेऊन यायचे आणि उभ्या उभ्या थोडा वेळ बघून जायचे.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मी नकाशाचा एक खेळ आणला. मोठा कोरा कागद मधे ठेवायचा. पाळीपाळीने पत्ता उचलायचा, त्यावर एक प्रश्न असतो. मग कागदावर फासा सोडायचा. तो जिथे थांबेल तिथे प्रश्नाचं उत्तर चित्राने काढायचं. अशा चार ऋतूंच्या चार बैठका, आणि शेवटी एक अख्खं गाव तयार होतं. नकाशा म्हटल्यावर काका पहिल्यांदा खुर्ची ओढून बसले.

"उत्तर दिशा कुठल्या अंगाला धरायची?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

पहिल्या दोन बैठका मजेत गेल्या. बाईंनी ओढा काढला, सहकाऱ्याने चावडी आणि शाळा. काकांच्या हातात पेन्सिल आली की कागदाचा नूरच बदलायचा. शीव, बांध, दोन शेतांमधून जाणारी पांद, सगळं प्रमाणात. बाईंचा ओढाही त्यांनी एके ठिकाणी खोडरबरने पुसून वळवला. "तिथं तो वळतो," ते म्हणाले. आम्ही हसलो. निवृत्त माणसाला काम सापडलंय, असं वाटलं आम्हाला.

तिसऱ्या बैठकीत माझी पाळी आली. पत्त्यावर प्रश्न होता, गावाबाहेर कोण राहतं आणि त्या घरात काय नाही? मी फासा सोडला. तो घरंगळत ओढ्यापलीकडे गेला आणि कागदाच्या कडेला थांबला. मी तिथे एक चौकोन काढला.

"एक बाई राहते," मी म्हणालो. "एकटीच. तिच्या घराला रस्त्याच्या बाजूने दार नाही."

मी विचार करून बोललो नव्हतो. या खेळात सुचलं ते बोलायचं असतं.

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "मग दार कुठंय?"

"मागे. शेताकडे."

"पायऱ्या?"

"तीन. सगळ्यात खालची फुटलेली."

काका उठले आणि आत गेले. पाच मिनिटांनी काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "त्यांना बरं वाटत नाही. आज तुम्ही आवरता का?"

पुढच्या रविवारी काकांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्याच्या पुढच्याही. आम्ही वर सहकाऱ्याच्या खोलीत कुठलातरी हलका खेळ खेळलो, पण कोणाचं लक्ष नव्हतं. नकाशा मी गुंडाळी करून घरी नेला होता. एकदा उघडून ते घर बघितलं. पेन्सिलने काढलेला एक चौकोन, दुसरं काही नाही. तरी मी तो परत गुंडाळला आणि वर रबर लावलं.

मे महिन्यात काकांचा फोन आला. "गाडी हाय ना तुमच्याकडं? मला एका ठिकाणी जायचंय. ते दोघं नकोत." एरवी काका कचेरीतली मराठी बोलायचे. 'हाय' मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांनी मला धरणावर नेलं. पाणी खूप खाली गेलं होतं. गाडी बांधावर लावून आम्ही वाळलेल्या गाळात उतरलो. दुपारचे बारा वाजले असतील. चिखलाचे तडकलेले पापुद्रे पायाखाली कौलासारखे मोडत होते. माशांचा वास, मेलेल्या शिंपल्यांचा पांढरा सडा, आणि आवाज कसलाच नाही. पाखरूसुद्धा नव्हतं.

काका पुढे चालत होते. कुठे थांबणं नाही, की इकडेतिकडे बघणं नाही. मोकळ्या मैदानात ते मधेच उजवीकडे वळायचे, परत डावीकडे, जणू दोन्ही बाजूंना भिंती होत्या. एका ठिकाणी त्यांनी मान खाली घातली, वाकून दोन पावलं टाकली आणि पुन्हा ताठ झाले. डोक्यावर नुसतं आभाळ होतं. मी तिथे आलो तेव्हा मीही वाकलो. का, ते सांगता येणार नाही.

"ही चावडी," ते म्हणाले. दगडांची एक ओळ होती. "ही शाळा." पुढे एक खोलगट पट्टा आला, तळाशी गोटे. "ह्यो ओढा."

ओढा वळत होता. आमच्या कागदावर वळत होता तिथेच.

"काका, हे तुमचं गाव?"

"व्हय. दुसरीत हुतो मी, तवा पानी आलं." ते उभे राहिले. "तुमी कागद मांडला त्या पहिल्या दिवशी मला कळलं न्हाई. दुसऱ्या दिवशी वाटलं, आपला हात आपसूक आपलंच गाव काढतोय. म्हटलं, काढू दे. पन ते घर मी काढलं न्हाई. तुमी काढलं."

ओढ्यापलीकडे साठ-सत्तर पावलांवर एक चौथरा होता. गाळाने भरलेला, कडा गुळगुळीत झालेल्या. आम्ही त्याला वळसा घातला. ओढ्याच्या बाजूला काही नव्हतं. मागच्या बाजूला दोन पायऱ्या शाबूत, आणि त्यांच्या खाली एक, मधोमध दुभंगलेली.

काका माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे, तपासल्यासारखे.

"तुमाला कुनी सांगितलं?"

"कोणी नाही काका. शपथेवर सांगतो."

त्यांनी बराच वेळ मान हलवली. मग त्या चौथऱ्यावर बसून सगळं सांगितलं. ते घर त्यांच्या थोरल्या आत्याचं. तिच्या अंगावर डाग उठले, बोटं झडायला लागली, तेव्हा नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं. गावाने तिला ओढ्यापलीकडे घर बांधून दिलं आणि दार मागच्या अंगाला ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दिसू नये म्हणून. काका तिला रोज भाकरी पोचवायचे. गाव उठलं त्या दिवशी त्यांनी वडिलांना विचारलं, आत्या कुठे आहे? वडील म्हणाले, ती गेली श्रीरामपूरला, धाकट्या आत्याकडे.

"मी इस्वास ठेवला," काका म्हणाले. "मोठा झालो, नोकरी लागली, जिल्हाभर मोजणीची साखळी घेऊन फिरलो. श्रीरामपूरला कितींदा गेल्तो. पन धाकट्या आत्याच्या दारात जाऊन इचारलं न्हाई."

"का?"

ते उठले आणि कपड्यांना लागलेला गाळ झटकायला लागले.

परतल्यावर त्यांच्याच सांगण्यावरून मी बाकीच्या दोघांना हे सांगितलं. सहकारी पुढच्या सुट्टीला श्रीरामपूरला घरी गेला तेव्हा त्याने धाकट्या आत्याचं घर शोधून काढलं. ती आत्या कधीच वारली होती, पण तिची सून होती, पंचाहत्तरीची. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्या आमच्याकडं आल्याच न्हाईत," ती म्हणाली. "सासूबाईंना वाटायचं, त्या भावाकडंच असतील."

सहकाऱ्याने काकांना हे सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो. काका म्हणाले, "बरं." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

नंतर महिनाभर काही नाही. मग एका रविवारी काकाच वर आले आणि म्हणाले, "तो कागद आणा. एक ऋतू राहिलाय ना?"

मी आढेवेढे घेतले. बाईच म्हणाल्या, "आणा हो. त्यांना पाहिजे ते त्यांना करू द्या."

पुढच्या रविवारी आम्ही काकांच्या पुढच्या खोलीत बसलो, दुपारचे तीन वाजले होते. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं, रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता. पत्ते वाटलेच नाहीत. काका म्हणाले, "माझं पात्र बैलगाडी जुंपतं. चावडीवरनं निघतं." नकाशावर त्यांचं बोट सरकत होतं. शाळा, पांद, ओढा. "पानी आलंय. चाकाच्या आऱ्यापतुर आलंय." बोट घराला वळसा घालून मागे गेलं आणि थांबलं.

"आत्या," ते म्हणाले. "चल. मी गाडी आणलीय."

सूत्रधार मी होतो. कोणी घेतलेलं नसेल त्या प्रत्येक पात्राच्या वतीने सूत्रधाराने बोलायचं असतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्याच्या मेलेल्या माणसाच्या तोंडी मी काय घालणार होतो? मी गप्प बसलो. पंखा फिरत होता. भंगारवाला लांब गेला असावा, त्याचा आवाज बंद झाला.

काकांनी मान थोडी कलती केली, लांबचं ऐकताना करतात तशी.

"व्हय," ते म्हणाले.

मग काही क्षण गेले.

"न्हाई, तसं न्हाई. मला म्हाईत नव्हतं." पुन्हा थांबले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बरं. तू म्हनशील तसं."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि त्या चौकोनाला ओढ्याच्या बाजूने, रस्त्याकडे तोंड करून, एक दार काढलं. काम संपल्यावर कचेरीत करत असतील तशी खाली बारीक अक्षरात सही केली आणि आत जाऊन झोपले. संध्याकाळपर्यंत झोपले होते, असं काकू नंतर म्हणाल्या.

मी बाईंना बस स्टँडवर सोडायला गेलो. तिसगावची गाडी लागायची होती. त्या म्हणाल्या, "तुम्ही छान केलंत. मला वाटलं होतं, तुम्ही तिला रडायला लावाल."

"कोणाला?"

"आत्याला. किती हळू बोललात तुम्ही. मला सगळे शब्द कळले नाहीत, पण सूर बरोबर होता. म्हाताऱ्या बाईचा वाटला."

मी एक शब्द बोललो नव्हतो. मी तसं सांगितलं, तर त्यांनी पर्समधले सुट्टे पैसे मोजायला घेतले. मग गाडी लागली आणि त्या जाऊन बसल्या. सहकाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये विचारलं. तो म्हणाला, त्याने फक्त पंख्याचा आवाज ऐकला. पण विचारल्यावर त्याने उत्तर द्यायला जरा वेळ घेतला.

सर्वपित्री अमावास्येला काकांनी आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. तिची तिथी कोणालाच माहीत नव्हती, म्हणून हा दिवस. इतक्या वर्षांत तिच्या नावाने कोणी घास काढला नव्हता, कारण ती गेली असं कोणी म्हणालंच नव्हतं. काकांनी स्वतः पान वाढलं. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी. ते बरे दिसत होते, वजनही थोडं वाढलं होतं. जेवताना त्यांनी बाईंना शाळेच्या जागेची मोजणी कशी करून घ्यायची ते बारकाईने समजावलं.

मी हात धुवायला मागे गेलो तेव्हा काकू तिथे होत्या. टॉवेल देताना हळूच म्हणाल्या, "कागद राहू द्या आमच्याकडे. पण ते पत्ते घेऊन जा."

पत्ते मी घेतले, पण घरी नेले नाहीत. ते सुप्याला, ऑफिसच्या कपाटात आहेत.