तळं रिकामं करायला गेले

माझ्यावर हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पुढे मला मध्येच थांबवू नका!

बेंगळुरूच्या मारतहळ्ळीत सात वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून वैतागले आणि दर रविवारी शहराबाहेरच्या एका लागवडीच्या जंगलात श्रमदानाला जायला लागले. तिथली देखरेख शंकरअण्णांकडे. मूळचे मराठी, पण चार पिढ्या बेंगळुरूत. बोलण्यात मराठीइतकंच कन्नड.

झाडांच्या रांगांमधून चर खणलेत. पावसाचं पाणी त्यातून उतारानं गावच्या तलावात जातं. वाटेत एक छोटंसं तळं. कशाला? मला वाटलं, शोभेला!

एका रविवारी अण्णांचा फोन. "अक्का, मला स्वल्प उशीर होतो. तळं भरलंय, तेवढं रिकामं करायला घ्या."

"सरी अण्णा, करते!"

जाऊन बघते तर पाणी काठोकाठ. बादलीनं कधी उपसणार? शेवटी इंजिनियरचं डोकं! फावडं घेतलं आणि बांधच फोडला. पाणी काय धावलं म्हणता! मी लगेच अण्णांना फोटो पाठवला.

मिनिटात फोन. "अय्यो अक्का! पाणी नाही, गाळ काढायचा! पाणी इथं थांबतं, माती खाली बसते, मग निवळ पाणी तलावात जातं. कालच गाववाल्यांनी त्या तलावात माशांची पिल्लं सोडलीत!"

वळून बघते तर पाण्यामागोमाग वर्षभराचा गाळ निघालेला. दाट, चॉकलेटी! दगड टाकला, गेला वाहून. फांद्या टाकल्या, त्याही गेल्या. मग काय करणार? मीच जाऊन भगदाडात बसले!

आणि काय सांगू, अगदी फिट बसले हो!

पाठीला थंडगार चिखल, डोळ्यांत पाणी. वीस मिनिटांनी अण्णा आले. भराभर मातीच्या गोण्या रचल्या, मला हात देऊन ओढून काढलं, अंगावर स्वतःचा टॉवेल दिला. मग आम्ही तलावापर्यंत चालत गेलो. काठाशी जरा गढूळ, बाकी पाणी स्वच्छ. पिल्लं मजेत फिरत होती. मला तर हुंदकाच फुटला.

"अण्णा, चार शिव्या तरी घाला!"

"कशाला अक्का? दुसरं कोणी असतं तर पळालं असतं. तुम्ही बसलात."

एवढ्या मायेनं मला ऑफिसात कधी कोणी माफ केलेलं नाही. मी हात जोडले. "तुमचे उपकार कसे फेडू, अण्णा?"

अण्णांनी उरलेल्या गोण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गोण्या कमी पडल्या की फोन करतो, तेवढं या."