अंबाडीच्या दोरासारखी वेणी

परवा भोकरदनच्या बाजारात एका दोरवाल्यानं अंबाडीच्या वाखावर पाणी मारलं आणि त्या ओल्या वासानं मला थेट रेणूच्या, माझ्या लेकीच्या, पहिलीच्या दिवसांत नेऊन सोडलं.

बायको जाऊन दोनच महिने झाले होते. शाळेत दोन वेण्या लागायच्या आणि माझ्या हातून एकही धड होईना. शेजारचा माझा दोस्त सखाराम शेळ्या घेऊन निघाला होता. आमची झटापट पाहून तो ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "बैलाचा कासरा वळतोस की बराबर. मंग वेणी काय येगळी हाय? तीन पेडच तर हायेत!"

एक वेणी त्यानं घेतली, एक मी. अंबाडीला मारतात तसं केसांना पाणी मारलं आणि एकेक पेड करकचून ओढला. रेणूच्या भुवया पार कपाळावर चढल्या.

"दुखतंय का गं?"

"न्हाई पप्पा. बिलकुल न्हाई."

आम्ही दोघांनी शंकरपटात आपली बैलजोडी पहिली आल्यासारखं एकमेकांकडं पाहिलं.

मागच्या दिवाळीत रेणू तिच्या लेकीची वेणी घालत होती, अगदी सैल. मी म्हणालो, "जरा ओढून घाल की."

ती हसली. "नको पप्पा. त्या दिवशी मी शाळेच्या मागं जाऊन रडल्ते. पण तुमी दोघं एवढे खूश होता, सांगणार कसं?"

परवा त्या बाजारातूनच सखारामला फोन लावला आणि हे सांगितलं.

"आन् आपण तर," तो हळूच म्हणाला, "चौथीपर्यंत रोज तशीच घातली की रं."