फुलोऱ्यातली फवारणी
फवारणीच्या औषधाचा उग्र वास आला, की उदगीरजवळचं आमचं सूर्यफुलाचं रान आठवतं. भूकंपानंतर एका संस्थेने वडिलांना मधमाश्यांच्या पेट्या दिल्या आणि त्या मधावरच माझं लातूरला क्लासला जायचं ठरलं. माश्यांमुळे शेजारच्या अण्णाकाकांचं सूर्यफूलही गच्च भरलं. फवारायच्या आदल्या संध्याकाळी सांगेन, म्हणजे तू पेट्या बंद ठेव, असा शब्द त्यांनी वडिलांना दिला होता. पुढच्या फुलोऱ्यात गावात सभा झाली. फेटा बांधून काकांनी भाषण ठोकलं, "मधमाशी म्हंजे आपल्या गावाची लक्ष्मी हाय!" सगळ्यांत जोरात टाळ्या वडिलांनीच वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी फवारलं. दुपारी पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. "सांगायचं तरी की, अण्णा!" वडील म्हणाले. "आरं, भाषणाच्या गडबडीत ध्यानातच न्हाई राहिलं. माश्याच हायेत, येतील दुसऱ्या." माझं लातूर राहिलं. पुढच्या साली काकांचं सूर्यफूल पोचट निघालं, तेव्हा ते आमच्याच ओट्यावर बसून बियाणेवाल्याला शिव्या देत होते. वडिलांनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "अण्णांला चहा आण." मी आणला. इतक्या वर्षांनी काकांवरचा राग निवला आहे. वडिलांवरचा अजून नाही.