एका पेळूची पाळी

पुसदच्या बाजारात माझे भांड्यांचे दुकान आहे. ते मी एकटीने उभे केले. घासाघीस करण्यात मला कोणी हरवत नाही, आणि माझा आवाज चढला की समोरचा दुकानदार गिऱ्हाईक सोडून ऐकत बसतो. पण पुढच्या वायद्यावरचा सौदा मी करत नाही. आज घ्या, आज द्या. लोकांना वाटते हा बाईचा खडूसपणा. मी हे बोरी अरबच्या प्राथमिक शाळेत शिकले, चौथीत.

महाराष्ट्र राज्य झाले त्याच्या आसपासची गोष्ट. आई गेली तेव्हा वडिलांनी मला मामाकडे आणून सोडले आणि ते पुसदला कापसाच्या जिनात कामाला लागले. मामा-मामी वाईट नव्हते. दिवसभर शेतात राबत आणि संध्याकाळी भाकरी पुढे ठेवण्यापुरते बोलत. शाळेत मला मैत्रीण नव्हती. मी लगेच भडकायची, एकीला चावलेही होते. मधल्या सुटीत पोरी झाडाखाली चिंचोके खेळत आणि मी भिंतीला टेकून टकळी फिरवत बसे.

वाचन, पाढ्यांशिवाय आम्हाला तीन विषय जास्तीचे होते. सूतकताई रोज, बागकाम बुधवारी, आणि शनिवारी पेटी. पेटी चौथीतल्या पाच मुलांनाच शिकवत, आणि त्या पाचांत मी होते. शिकवणारे मास्तर दारव्ह्याहून छोट्या रेल्वेगाडीने येत. माझ्याशेजारी सतरंजीवर बसून स्वतः भाता हलवत आणि म्हणत, "घाई नको करू बेटा. सूर कुठी पळून नाही जात."

बेटा म्हणणारे मला आठवडाभरात दुसरे कोणी नव्हते. शुक्रवारीच मी वेणीचे तेल मागून ठेवायची.

शाळेतले घड्याळ बंद होते, म्हणून पाळी पेळूवर मोजायची. एकाने पेटी वाजवायची आणि ज्याची पाळी पुढे त्याने शेजारी बसून पिंजलेल्या कापसाचा एक पेळू कातायचा. पेळू संपला की त्याने हात वर करायचा आणि पेटी त्याच्याकडे जायची. जो जाड कातेल त्याचा पेळू झटकन संपे. बारीक कातला तर पेटीवाल्याला भरपूर वेळ मिळे. सगळे जाडच कातत. दोन ओळींवर माझी बोटे बसतात न बसतात तोच बाजूला हात वर होई.

शाळेच्या संमेलनात प्रार्थनेला पेटी पाचांतला एकच वाजवणार होता. वडिलांना मी कार्ड टाकले, "मी पेटी वाजवणार आहे, नक्की या." ठरले काहीच नव्हते, पण मी लिहून मोकळी झाले. दिवाळीलाही न आलेल्या वडिलांचे उत्तर आले, येतो.

मग मी हिशेब मांडला. तुकड्या-तुकड्याने शिकून प्रार्थना पुरी होणार नाही. माझ्यानंतर किराणावाल्याच्या मुलीची पाळी असे. तिला विहिरीजवळ गाठले.

"पाच शनिवार माही पाळी तू घे. दोघींच्या पाळ्या एकदम वाजव. पेळूही मीच कातीन, बारीक."

"मंग तुले काय भेटते?"

"मंगचे पाच शनिवार दोन्ही पाळ्या माह्या. संमेलनापर्यंत."

"पलटली त मी?"

"चावीन."

ती हसली आणि गळ्याला हात लावून विद्येची शपथ घेतली. मला वाटले, लुटले हिला. आधी वाजवलेले ती विसरेल, आणि संमेलनाच्या तोंडावर शिकलेले माझ्या बोटांत ताजे राहील.

पाच शनिवार मी तिच्या शेजारी बसून कातले. इतके बारीक सूत त्या शाळेत कोणी काढले नसेल. मास्तर तिला "बेटा, आता पुढची ओळ" म्हणत आणि मी सुताकडे बघत असे. पाचव्या शनिवारी तिने प्रार्थना न थांबता वाजवली.

सहाव्या शनिवारी मास्तर आले नाहीत. त्यांची बदली कळंबला झाली होती. पेटी मोठ्या गुरुजींच्या कपाटात गेली. ते शाळेचे मुख्य. मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

"गुरुजी, पेटी काढा. आता पाच शनिवार माहे आहेत."

"शिकवणारा नाही त पेटी कायले काढू?"

"मंग संमेलनात कोण वाजवते?"

"जिले येते ते."

"तिले येते ते माह्या पाळ्यांवर येते!"

किराणावाल्याची मुलगी दारात होती. तिने खरे ते सांगितले. "हो गुरुजी, हिनंच देल्ल्या."

गुरुजी मोठ्याने हसले. "पाळीचा सौदा केला काय व? मोठी बेपारीण झाली!" सगळा वर्ग हसला. मी टकळी त्यांच्या टेबलावर आपटली, ती वाकली. शिक्षा म्हणून दोन दिवस वर्गाबाहेर उभी होते. त्या मुलीने शपथ मोडली नव्हती आणि मास्तरांनी बदली मागितली नव्हती. राग कोणावर काढावा हे मला अजून कळलेले नाही, म्हणून तो तसाच आहे.

संमेलनात माझे सूत चांगले म्हणून मला मंडपाच्या कोपऱ्यात सूतकताई दाखवायला बसवले. वडील आले होते. धुतलेले धोतर नेसून मागे उभे होते आणि टाचा उंच करून पेटीकडे पाहत होते. त्यांच्या टोपीला कापसाचा एक तंतू चिकटलेला मला कोपऱ्यातून दिसला.

प्रार्थना सुरू झाली. किराणावाल्याच्या मुलीने पहिला सूर धरला तसा मी नवा पेळू लावला. जन्मात कातले नाही असे जाड कातले, सुतळीसारखे. दुसरी ओळ संपायच्या आत पेळू संपला.

मी हात वर केला.

पेटी वाजत राहिली. वडील पेटीजवळच्या पोरींत मला शोधत होते. सगळे उभे राहून गात होते आणि मी बसलेली होते, त्यामुळे हात कोणाला दिसला नाही. प्रार्थना संपेपर्यंत मी तो खाली घेतला नाही.