पाटीवरचं गाढव

लेकराला लिहायला शिकवताना पहिल्यांदा श्री गिरवून घ्यायची पद्धत ज्यानं पाडली, त्यानं जन्मात कधी पाच वर्षांच्या पोराचा हात धरला नसणार. अख्ख्या मराठीत एवढं गुंतागुंतीचं दुसरं काही नाही. पोरगं त्या गाठोड्यात अडकतं, रडतं, आणि मास्तर त्याचा कान पिळून सरस्वतीला प्रसन्न करून घेतात.

मी काठीपासून सुरुवात केली. उभी रेघ म्हणजे काठी. तिच्या डावीकडं आकडा काढला की ग, पोट काढलं की व, आणि काठी सोडून नुसतं वेटोळं घातलं की ढ. पूर्णा स्टेशनापासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात, पाटलांच्या चावडीत, माझी पंधरा-वीस लेकरं आधी राखेत बोटानं आणि मग पाटीवर हे काढायची. माझा ग गणपतीचा नव्हता, गाढवाचा होता. गणपती वर्षातून एकदा यायचा, कुंभाराची गाढवं रोज समोरून जायची. माझा भाऊ देवळातली पूजाअर्चा करायचा. हे ऐकून त्याला ठसकाच लागला. "घराण्याचं नाव बुडवलंस," म्हणाला.

नाव कशाचं बुडतंय! नवऱ्यानं दुसरी केली आणि मी भावाकडे परत आले, तेव्हाच ते बुडालं होतं. भावानं साफ सांगितलं होतं, शाळा चालली तर राहा, नाही तर गाडी जुंपतो आणि तुला सासरी सोडून येतो. तिथं सवतीची धुणी माझी वाट बघत होती. मला ते नको होतं. मेले तरी नको होतं.

शाळा चालायची तर निजाम सरकारच्या तालीम खात्याची, म्हणजे शिक्षण खात्याची, इजाजत हवी. आणि चावडी हवी तर पाटलांची मर्जी हवी. पाटलांचा नातू माझ्याच शाळेत होता. "त्याला लिवता आलं न्हाई तर चावडी रिकामी करा, बाई," असं पाटील दर आठ दिवसांनी न चुकता सांगून जायचे.

एके दिवशी तालीम खात्याचे साहेब बैलांच्या दमणीतून उतरले. शेरवानी, रुमी टोपी, तोंडात पान. साहेबांना उर्दू सोडून दुसरं अक्षर येत नव्हतं, पाटलांना कुठलंच अक्षर येत नव्हतं, आणि हे दोघं तक्क्याला टेकून माझी परीक्षा घ्यायला बसले.

"बच्चे से दादा का नाम लिखवाओ," साहेब म्हणाले.

पाटलांच्या नावात दोन जोडाक्षरं. आम्ही अजून काठी-आकड्याच्या मुलखातच होतो. पण नातवानं मुकाट्यानं पाटी मांडीवर घेतली, जीभ बाहेर काढली आणि बराच वेळ करकरत लिहीत राहिला. मग दोन्ही हातांनी पाटी वर धरली. गाढव. ठसठशीत, सुबक, काना सरळसोट.

मागची लेकरं फिदीफिदी हसायला लागली. मी डोळे वटारले. साहेबांनी उजवीकडून डावीकडं बोट फिरवलं. "वाह, क्या हाथ है! सही है ना, पटेल?"

"एकदम सही, हुजूर," पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "माजंच नाव हाय."

साहेबांनी इजाजतीच्या कागदावर सही ठोकली, चहा प्यायले आणि गेले. पाटील मात्र उठेनात. त्यांनी नातू सोडून सगळी लेकरं घरी पिटाळली.

"काय वं बाई, पोरं का हसायली व्हती? काय लिवलंय ह्याच्यात?"

तुमचं नाव, एवढंच म्हणायचं होतं. भाऊ, गाडी, सवत, सगळं त्या दोन शब्दांत टळत होतं. पण नातू समोर उभा होता आणि मेल्याला वाचता येत होतं, हीच पंचाईत.

"गाढव," मी म्हणाले.

"आबा, तुमचं नाव लय अवघड हाय," नातू म्हणाला. "मला आलं ते लिवलं."

पाटलांनी पाटी हातात घेतली. एकेका अक्षराकडं बघत राहिले.

"हात धरला व्हता का तुमी त्याचा?"

"न्हाई."

"चूक हाय एखादी?"

"एकबी न्हाई."

"पटवारी कागद म्होरं करतो, मी अंगठा उठवतो," पाटील म्हणाले. "जल्मभर इचारत आलो, काय लिवलंय बाबा? जल्मभर त्यो म्हनत आला, पाटील, तुमच्या भल्याचंच हाय." त्यांनी पाटी नातवाला परत दिली. "हाय ते वाचून दाखवणारं आज पयल्यांदा कुनी भेटलं. चावडी तुमची, बाई."

त्यांच्यासमोरच मी हमसाहमशी रडले. आता मला कुठं जायचं नव्हतं.