जावेचं बीपी आणि माझी बरणी

मैत्रिणींनो, आज मी जावेवर जळले. तेही तिच्या बीपीवरून!

सिन्नरला धाकट्या जावेकडे, वैशालीकडे जेवायला गेलो होतो. दिरांनी नवं बीपीचं मशीन काढलं. तिचं १२०-८० आणि माझं १६०-१००! मी म्हटलं, मशीनच बिघडलंय. परत मोजलं, तेवढंच.

ताटात ना पापड, ना लोणचं. मीठसुद्धा बेताचं. वर बाईसाहेब रोज पहाटे चालायला जातात. असा जळफळाट झाला माझा!

"ताई, आईंना झटका आला ना, तेव्हापासून धसकाच घेतलाय मी," ती म्हणाली.

सासूबाईंचं ते दुखणं मीही काढलंय. त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. आम्ही दोघी आळीपाळीने त्यांना भरवायचो. डॉक्टरांनी त्यांचं लोणचं बंद केलं, तेव्हा घरात कैरीच्या लोणच्याची भरलेली बरणी होती. अन्न टाकायचं कसं, म्हणून ती मी एकटीने संपवली. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भरली.

सासू एकच. वैशालीने तिच्याकडून धडा घेतला, मी बरणी घेतली.

उद्या डॉक्टरकडे जातेय. पण खरं सांगा, तुमच्या घरी एकाला पथ्य लागलं की त्याच्या वाट्याचं कोण संपवतं?